आंधळी पिल्लं काळी दिसतात

"मावशी, यातली काळपट दिसतायत ना, ती आंधळी," अदिती म्हणाली आणि बशी माझ्यापुढे सरकवून दुसऱ्या कामाला लागली. ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. मी तिला डबा द्यायला गेले होते, आणि आलेच आहे तर बघून जा म्हणून तिने मला आत नेलं. बशी प्लास्टिकची, झाकणाची, तळहातावर मावेल एवढी. आत फिकट निळसर पाणी आणि झेब्राफिश नावाच्या छोट्या माशाची पाच दिवसांची पिल्लं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर चार मिलिमीटरच्या हलणाऱ्या रेघा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा मात्र मी गप्प झाले. आरपार शरीर, आत धडधडणारं हृदय, रक्ताचा एकेक कण पळताना दिसतोय, आणि अंगाच्या मानाने एवढे थोरले दोन डोळे की आधी डोळे झाले आणि मग त्यांना शेपूट फुटली असं वाटावं. बरीचशी पिल्लं फिकी होती, चारदोन काळवंडलेली. अदितीने हातातलं काम न थांबवता कारण सांगितलं. माशाच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात. भोवती उजेड असला की पेशीतलं रंगद्रव्य मधोमध गोळा होतं आणि मासा फिका दिसतो. अंधार असला की ते पेशीभर पसरतं आणि मासा काळा होतो. उजेड आहे की अंधार, हे ठरवायचं डोळ्याने. डोळ्याकडून खबरच आली नाही, तर कातडी आपली रात्र समजून बसते.

खालून दिवा, वरून दिवा, आणि त्या लख्ख उजेडात ती चार पिल्लं रात्रीचा रंग लावून पोहत होती.

परतीच्या बसमध्ये हे डोक्यातून जाईना. त्यांच्या आंधळेपणाचं वाईट वाटलं म्हणावं, तर तसंही नव्हतं. टोचलं ते हे की त्यांना काही लपवता येत नाही. दिसत नाही म्हटल्यावर अंगावरच ते उमटतं, आणि कोणीही परकी बाई डोळा लावून ते वाचू शकते. आमच्या घरात एका माणसाने हेच उभ्या नोकरीत कोणाला वाचू दिलं नव्हतं.

नानामामा राजापूरकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते. दिवेलागणीच्या आत ते घरात असायचे. शिमग्यात नमन-खेळे आले, कोणाकडे भजन बसलं, वाडीत सत्यनारायण झाला, तरी रात्री मामा नाहीत. मास्तरांना असले प्रकार आवडत नाहीत, असं गावाने ठरवून टाकलं आणि मामांनीही ते ठरू दिलं. पुढे पुढे दिवसाही समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं नाही. वाटेत कोणी बाजूने हात केला तर ओळख न देता ते सरळ निघून जायचे. लोक म्हणायचे, मानी माणूस. पंगतीत त्यांच्या पानाच्या डाव्या बाजूचं सगळं तसंच राहायचं. मग मामी वाढता वाढता त्यांच्यामागे थांबायची आणि म्हणायची, "लोणचं काय फर्मास झालंय हो यंदा." म्हणजे लोणचं वाढलंय, डावीकडे आहे, बोट लावा. आम्हा भाचरांना वाटायचं, मामीला स्वतःच्या लोणच्याचं फारच कौतुक. मामाच्या घरात ओटीवरचा बाक, उंबऱ्याजवळची कळशी, माजघरातली घडवंची वर्षानुवर्षं एका रेषेत असायची. खेळताना आम्ही पाट मध्येच टाकून पळालो की मामी अशी ओरडायची, जशी एरवी कधीच ओरडत नसे. त्याला आम्ही शिस्त समजत होतो.

घरातल्यांना एवढंच ठाऊक होतं की नानाला रातांधळेपणा आहे. त्यावर शेवग्याचा पाला झाला, गाजरं झाली, माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्या झाल्या. 'अ' जीवनसत्त्व कमी पडून येणारा रातांधळेपणा या उपायांनी खरोखरच बरा होतो, म्हणून तर ही औषधं गावोगाव रुजली. मामांचा तो नव्हता. त्यांच्या दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, दंडपेशी, म्हणजे अंधूक उजेडात बघणाऱ्या पेशी, तरुणपणापासून मरत चालल्या होत्या आणि त्यांच्या मागोमाग भरउजेडात बघणाऱ्या शंकूपेशीही निघाल्या होत्या. रेटिनायटिस पिग्मेंटोसा, आरपी. हे नाव घरात आलं तेव्हा मामा निवृत्त झाले होते. तोवर सगळ्यांचा मिळून एकच उपाय चालू होता: बोलायचं नाही. आधी बहिणींची लग्नं व्हायची होती, मग मुलींची. धाकट्या मावशीलाही तेच होतं. तिच्याबाबतीत 'तिला संसाराची आवडच नाही' असं जाहीर झालं, आणि ती भावाकडेच राहिली. आवड होती की नव्हती, तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मुळाशी आजोबांचं लग्न. त्यांनी मामाची मुलगी केली होती. आपल्याकडे यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, उलट माहेर-सासर एकच म्हणून मुलीचं कौतुक. अप्रभावी, म्हणजे आईकडची आणि बापाकडची अशा दोन्ही प्रती बिघडल्या तरच त्रास देणाऱ्या, जनुकाचं गणित मात्र अशा घरात नेमकं साधतं. प्रत्येकाच्या अंगात दोनचार बिघडलेली जनुकं जोडीदार प्रतीमागे दडून असतात. नवरा-बायकोचा आजोबा एकच निघाला, की त्याच्याकडची तीच खराब प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दोघांकडे असेल तर दर अपत्याला चारात एक धोका. आजीच्या पाच मुलांत दोघांच्या वाट्याला तो आला. जगात आरपीचं प्रमाण साधारण चार हजारांत एक धरतात. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या माणसांची जी मोठी तपासणी झाली, सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी, तिच्यात ते साताठशेत एक निघालं. म्हणजे आपल्या आसपास असे किती 'मानी' मास्तर असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

नंतर मी अदितीकडे मुद्दाम वेळ काढून गेले. मासे ठेवतात ती खोली उबदार, दमट, अठ्ठावीस अंशांवर. वास मत्स्यालयाच्या दुकानासारखा नाही, ओल्या टॉवेलसारखा. रांगेने टाक्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि घड्याळाच्या काट्यावर चौदा तास दिवा, दहा तास काळोख. रात्री एका छोट्या टाकीत नर-मादी मध्ये पडदा घालून ठेवायचे आणि सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. थोड्याच वेळात तळाशी दोनएकशे अंडी. अंडी आईच्या पोटाबाहेर वाढतात, काचेसारखी स्वच्छ असतात, चोवीस तासांत डोळ्याचा आकार दिसायला लागतो आणि पाचव्या दिवशी पिल्लू बघून शिकार करायला लागतं. उंदराच्या बाबतीत हे सगळं पोटात, आंधळं, गुलाबी आणि सावकाश. शिवाय उंदीर निशाचर, त्याच्या दृष्टिपटलात दंडपेशीच भरलेल्या. झेब्राफिश दिवसा वावरणारा. त्याच्या डोळ्यात चार प्रकारच्या शंकूपेशी रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या ओळीत बसलेल्या असतात. लाल, हिरव्या, निळ्या आणि आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशासाठी एकेक. माणसाची वाचायची, चेहरा ओळखायची नजरही शंकूपेशींचीच. २०१३ साली या माशाचा जनुकसंच पूर्ण वाचून झाला तेव्हा माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांना त्याच्यात भाऊबंद सापडले.

मासा मूळचा इकडचाच. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या आणि तिच्या फाट्यांच्या माशांवर १८२२ मध्ये पुस्तक काढलं, त्यात याची पहिली नोंद आहे. ओढे, डबकी, भाताची खाचरं, जिथे गुडघाभर संथ पाणी तिथे हा. पुढे तो जगभरच्या हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांत गेला. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायझिंगर नावाचा शास्त्रज्ञ होता, बुडापेस्टमध्ये जन्मलेला, नाझींमुळे लहानपणी देश सोडावा लागलेला. त्याने हा मासा उचलला आणि त्याचे हुबेहूब एकसारखे वंश कसे तयार करायचे, हे १९८१ मध्ये दाखवलं. पुढे १९९६ साली जर्मनीत ट्युबिंगेनला आणि अमेरिकेत बॉस्टनला हजारो माशांच्या पिढ्या तपासून जनुकीय बिघाडांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. आता तो खोक्यांतून, कागदपत्रांसह, भारतात परत येतो. परदेशी जाऊन नाव काढल्याशिवाय आपल्याला घरचा माणूस दिसत नाही, हे माशाच्याही बाबतीत खरं.

नजरेची चाचणी मी स्वतः बघितली. पिल्लाला घट्ट चिकट द्रवात पाठ वर करून ठेवतात. त्याला पोहता येत नाही, डोळे मात्र मोकळे. भोवती काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा पिंप हळूहळू फिरतो. दिसत असेल तर डोळे पट्ट्यामागे संथ सरकतात, कडेला पोचले की झटकन मागे येतात, नवा पट्टा पकडतात. कोकण रेल्वेत खिडकीशी बसलेल्या पोराच्या डोळ्यांकडे समोरून बघा, बाहेरच्या खांबांवर हेच चालू असतं. हे शिकवावं लागत नाही आणि थांबवताही येत नाही. जे पिल्लू बघत नाही त्याचे डोळे स्थिर. अदितीने पिंपाची दिशा उलटी केली तशी एका पिल्लाची नजर लगेच उलटी वळली. दुसऱ्याची आहे तिथेच. मी नकळत म्हणून गेले, "बघ की रे." अदिती हसली नाही, वहीत खूण केली.

ही युक्ती १९९५ मध्ये हार्वर्डला सुसान ब्रॉकरहॉफ आणि जॉन डाऊलिंग यांच्या गटाने जनुकीय आंधळेपणा हुडकण्यासाठी वापरली. मोठ्या माशांसाठी वेगळी. गोल भांड्यात मासा, बाहेर फिरणाऱ्या पिंपावर एकच काळा चौकोन. माशाच्या लेखी तो चौकोन म्हणजे चालून येणारा शत्रू, दिसला की तो उलट फिरून पळतो. मग दिवा मंद मंद करत न्यायचा आणि कुठल्या उजेडापर्यंत तो पळतो ते बघायचं. अशाने लेई ली आणि डाऊलिंग यांना फक्त अंधूक उजेडात चुकणारे मासे सापडले. दिवसा ठीक, संध्याकाळी गडबड. त्या वंशाला त्यांनी सरळ रातांधळेपणा 'अ' असं नाव दिलं, पुढच्याला 'ब'. 'ब' वंशात तर घोटाळा नुसता डोळ्यात नसून नाकाकडून डोळ्याकडे येणाऱ्या मज्जातंतूंमध्येही निघाला. वासाचा आणि दिवेलागणीच्या नजरेचा संबंध! मामांना हे सांगितलं असतं तर त्यांनी नक्कीच सुकटाचा काहीतरी विनोद केला असता. या मंडळींनी आंधळ्या वंशांना दिलेली नावंही गमतीची. एकाचं नाव 'लाक्रिट्झ', जर्मनीतली काळी ज्येष्ठमधाची गोळी. एकाचं 'नुआर', फ्रेंचमध्ये काळा. पुन्हा तोच रंग. 'नुआर'च्या डोळ्याला साखरेतून ताकद काढता येत नव्हती. त्याला स्निग्ध आहार दिला तर दिसायलाही लागलं आणि तो जगलाही. हे २००४ मध्ये छापून आलं. असं सरळसोट यश मात्र विरळा.

आमची गाठ पडली ती कमी सरळ गोष्टीशी. अदितीने मागे लागून नानामामांची जनुकतपासणी करवली होती. मामा आता ऐंशीच्या पुढे, नजर जवळजवळ गेलेली, पण रिपोर्ट आल्यावर त्यांनी तो हातात मागितला. कागद बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "वाच." यूएसएच२ए नावाच्या जनुकात एका जागी अक्षर बदललेलं, दोन्ही प्रतींत तेच. आणि पुढे शेरा: अर्थ अनिश्चित. म्हणजे हा बदल रोग देतो की निव्वळ घराण्याची खूण आहे, हे ठामपणे म्हणता येत नाही. मामा म्हणाले, "एवढे पैसे घेऊन हेच सांगायचं होतं तर मीच सांगितलं असतं."

आरपी आणि त्याच्या जातकुळीतल्या आजारांना कारण ठरणारी अडीचशेहून जास्त जनुकं माहीत आहेत. त्यातल्या आरपीई६५ या एकावर अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जनुकोपचार मंजूर झाला. दोन डोळ्यांची किंमत तेव्हा साडेआठ लाख डॉलर. त्याची वाट कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी मोकळी केली होती. तो उपचार निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर चांगलं जनुक घालून डोळ्यात सोडतो. यूएसएच२ए या पाठीवर मावतच नाही. विषाणूत जेमतेम पावणेपाच हजार अक्षरं बसतात, या जनुकाची प्रथिनाची संहिताच पंधरा हजारांवर. मग नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांनी वेगळा विचार केला. जनुकाच्या तेराव्या खंडात बिघाड असेल, तर वाचताना तो खंडच वगळायला पेशीला लावायचं. प्रथिन थोडं आखूड होईल, पण चालेल का? याचं उत्तर उंदराकडून मिळणं कठीण, कारण हे जनुक बंद केलेल्या उंदराची नजर म्हातारपणापर्यंत फारशी बिघडत नाही. मासा मात्र पाचव्या दिवशीच सांगतो. हे जनुक बिघडवलेल्या पिल्लांच्या डोळ्यांवर प्रकाशाचा झोत टाकला की उठणारी विजेची लहर खुजी भरते. खंड वगळल्यावर ती लहर बऱ्यापैकी सावरली. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. औषध त्याआधीच माणसांच्या चाचण्यांत गेलं होतं. २०२२ मध्ये कंपनीने दुसऱ्या औषधाच्या अपयशानंतर या चाचण्या थांबवल्या, पुढे दुसऱ्या कंपनीने ते औषध विकत घेऊन काम पुन्हा सुरू केलं. हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "आपला कितव्यात?" आपला तेराव्यात नाही.

तेव्हापासून मला माशांबद्दल जरा रागच आला होता. पाच दिवसांच्या पोरांनी नायमेखेनच्या लोकांना उत्तर दिलं आणि आम्हाला नाही! अदितीचं म्हणणं, मासा सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतच नाही. पहिले काही दिवस तो बव्हंशी शंकूपेशींनीच बघतो, दंडपेशी नंतर कामाला लागतात. म्हणजे मामांचा आजार जिथून सुरू होतो, ते दालनच तेव्हा नीट उघडलेलं नसतं. त्यासाठी मासे तीन महिने वाढवून मोठे करावे लागतात. शिवाय माशांच्या पूर्वजांत कधीतरी सगळा जनुकसंच दुप्पट झाला, त्यामुळे आपल्या एका जनुकाला त्यांच्यात पुष्कळदा दोन. एक बंद पाडलं तर दुसरं हात देतं. काही वेळा बिघाड जाणवला, की इतर जनुकं आपणहून आवाज वाढवतात आणि मासा ठणठणीत. संशोधक म्हणतो बिघडवलंय, मासा म्हणतो कुठे काय! हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हणजे झाकपाक त्यांनाही जमते तर.

आणि एक गोष्ट त्यांना जमते जी आपल्याला नाही. झेब्राफिशचं दृष्टिपटल इजा झाली तर पुन्हा उगवतं. त्यातल्या आधार देणाऱ्या म्युलर पेशी मागे वळून तरुण होतात, विभागतात आणि नव्या दंडपेशी, शंकूपेशी तयार करतात. म्युलर पेशी आपल्याही डोळ्यात आहेत, पण इजा झाली की त्या व्रण धरून बसतात. सिएटलच्या गटाने २०१७ मध्ये उंदराच्या म्युलर पेशींना रसायनं आणि एका जनुकाच्या जोरावर थोडं जागं केलं, नव्या चेतापेशी निघाल्याही. माणसापर्यंतची मजल लांब आहे. एका बाजूला आपण त्याच माशाला मुद्दाम आंधळं जन्माला घालतो आणि दुसऱ्या बाजूला तो न सांगता डोळा दुरुस्त करतो, यात कोणाची कीव करायची ते मला ठरवता येत नाही. काम झालं की काळी-गोरी सगळी पिल्लं गुंगीच्या औषधात सोडतात. युरोपच्या कायद्यात मासा स्वतः खायला लागल्यापासून प्राणी धरला जातो, ढोबळमानाने पाच दिवस. नजरेची चाचणी बरोबर त्या उंबरठ्यावर येते. मी कोकणातली, आठवड्यातून दोनदा बांगडा खाणारी. माझ्या तोंडी करुणा शोभत नाही. तरी त्या दिवशी अदितीने बशी रिकामी करताना मी खिडकीबाहेर बघितलं.

यावरून तिने मला मेक्सिकोतल्या गुहेतल्या माशांची गोष्ट सांगितली. १९३६ मध्ये शास्त्रात नोंद झालेले, पांढुरके, डोळे नसलेले मासे. त्यांचे सख्खे नातलग बाहेर नदीत डोळस आहेत. गुहेतल्या माशाच्या गर्भात डोळा सुरू होतो, मग भिंग मरतं आणि सगळा डोळा आक्रसतो. २००० साली बाहेरच्या माशाचं भिंग गर्भात बसवलं तर तिथे पुरता डोळा वाढला. त्याहून मला आवडलं ते २००८ चं. रिचर्ड बोरोव्स्की यांनी दोन लांबच्या गुहांतले आंधळे मासे एकत्र आणले. आई आंधळी, बाप आंधळा, आणि काही पिल्लं फिरत्या पट्ट्यांमागे नजर फिरवू लागली! दोन्ही गुहांत आंधळेपण आलं होतं, पण वेगवेगळ्या जनुकांनी. एकीची खोट दुसरीने भरून काढली. मला आजोबांची आठवण झाली. एकाच गुहेतली सोयरीक.

मामांच्या रिपोर्टवरचा शेरा हलवायचा तर दोन वाटा होत्या. एक माशाची: चांगलं मानवी जनुक आणि मामांचं बदललेलं जनुक, दोन्ही आळीपाळीने बिघडलेल्या माशाला देऊन कोण सावरतं ते बघायचं. एवढ्या लांबलचक जनुकासाठी ते जवळपास अशक्य, त्यामुळे माशाच्याच जनुकात तोच बदल कोरून नवा वंश वाढवावा लागेल, आणि त्यासाठी कोणीतरी पैसे आणि वर्षं दिली पाहिजेत. दुसरी वाट घरच्यांची: आजारी आणि निरोगी, सगळ्या भावंडांचं रक्त तपासायचं. बदल आणि आजार बरोबर चालतात का ते बघायचं. ही वाट स्वस्त होती आणि आम्हाला तीच अवघड वाटली. तिच्यात मासा मदतीला नव्हता, तोंड उघडावं लागणार होतं. माझी आई म्हणाली, आता या वयात कशाला. शेखरदादा, म्हणजे मामांचा मुलगा, म्हणाला की सायलीचं बघतोय सध्या, जरा थांबा. धाकटी मावशी मात्र बाही वर करून तयार. "माझं काय झाकायचं राहिलंय आता? घ्या," म्हणाली. मावशीकडे दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या. माझ्या आईकडे एक. उरलेल्या दोघा निरोगी भावांपैकी एकाकडे एक, एकाकडे एकही नाही. शेरा अजून तोच आहे, पण अदिती म्हणते की वजन वाढलं. माझं रक्त मी दिलेलं नाही. माझी मुलं मार्गी लागली आहेत असं कारण मी सांगते. मामीही अशीच काहीतरी कारणं सांगायची.

सायली सव्वीसची. मामांची ही नात बँकेत आहे आणि घरात सर्वांत कमी बोलते. शेखरदादाकडे एक प्रत असणारच, आजारी बापाकडून आलेली. तिच्याकडे असण्याची शक्यता निम्मी होती, आणि तपासणीत ती आहे असं निघालं. तिला स्वतःला काहीही होणार नाही. नवऱ्याकडेही याच जनुकात खोट असेल तरच मुलांना धोका. हे समजल्यावर तिने लग्नाच्या बायोडेटात रक्तगटाच्या खाली एक ओळ घातली: यूएसएच२ए जनुकाची एक प्रत बदललेली, आजोबांना आरपी. वहिनींनी डोक्याला हात लावला. "अगं, कोण विचारतं हे? रक्तगट लिहितात तेवढं बास की!" सायली म्हणाली, "नाड लिहिलीय ना, मग हेही राहू दे."

दोन स्थळं त्यानंतर गप्प झाली. तिसरं सांगलीकडचं. त्या मुलाने स्वतः फोन करून ही तपासणी कुठे होते ते विचारलं आणि नमुना देऊन आला. त्याचा रिपोर्ट यायचाय. वहिनींनी तोवर गुरुजींना गाठलं. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळतात म्हणे.